जुना चार सुती रॅचेट: सुटे भाग जमवून दुरुस्त केला, त्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. वडिलांच्या हत्यारपेटीतला चार सुती, म्हणजे अर्धा इंची रॅचेट (नटावरून न काढता मागे-पुढे करत नट फिरवणारा पान्याचा दांडा) उन्हाळ्यात उघडून दुरुस्त केला. तेव्हापासून ट्रॅक्टर, विहिरीवरचा पंप आणि घरच्या दोन मोटरसायकली या सगळ्यांच्या कामाला तोच वापरतोय. पावसाळा गेला, दिवाळी झाली, एकदाही घसरला नाही. ज्यांच्याकडे असा जुना रॅचेट पडून आहे त्यांनी तो भंगारात घालू नये, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बिघाड असा होता, की नट आवळताना ठीक चालायचा, पण सोडवताना जोर दिला की कट्कन एक दाता सोडायचा. असा रॅचेट वापरत राहणं धोक्याचं. जोरात असताना घसरला तर हाताची बोटं थेट इंजिनवर आपटतात. घसरण एकाच दिशेला असेल तर मात्र आशा धरायला हरकत नाही, कारण बहुतेक वेळा पॉलची, म्हणजे चक्राच्या दात्यांत अडकणाऱ्या खटक्याची, एकच बाजू गेलेली असते.

माझ्या रॅचेटचं डोकं गोल आहे. मागची सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) काढली की सगळं हातात येतं: गोटी (नटावर बसणारा सॉकेट) ज्यावर चढते त्या चौकोनासकट दातेरी चक्र, दोन्ही टोकांना दाते असलेला पॉल, त्याला दाबून धरणारी स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या तोंडाशी बसलेला छर्रा. डिझेलमध्ये धुतल्यावर कळलं, की स्प्रिंगचे दोन तुकडे झालेत, छर्रा गंजून खडबडीत झालाय आणि पॉलच्या एका टोकाचे दाते झिजून गोल झालेत.

हत्यारांच्या दुकानात सगळीकडे एकच उत्तर: सुटं काही मिळत नाही, नवा घ्या. गेडोरे, स्टालविले, फाकोम अशा युरोपीय कंपन्या आपल्या अनेक रॅचेटसाठी दुरुस्ती किट विकतात. तुमचा त्यांतला असेल आणि किट मिळत असेल तर दुसरा विचारच करू नका. फक्त कॅटलॉगमध्ये १२.५ आकडा दिसला तर गोंधळू नका. ते मापाचं नाव आहे, प्रत्यक्षात चौकोन १२.७ मिलिमीटरचाच असतो. माझा रॅचेट ज्यांनी बनवला त्यांचं उत्पादनच कधीचं थांबलंय, त्यामुळे किटचा प्रश्न नव्हता.

मग कंपनीचं नाव सोडलं आणि व्हर्नियर हातात घेतला. खरं काम इथून सुरू झालं. आतले बरेचसे भाग रॅचेटचे म्हणून मिळत नाहीत, पण मापाने मागितले की सहज मिळतात. छर्रा निघाला ३.१७५ मिलिमीटरचा, म्हणजे एक सूत. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये हाच छर्रा असतो, त्यामुळे गावातल्या सायकल दुकानात मूठभर मिळाले. सर्क्लिप बेअरिंगच्या दुकानात मिळाली. तिथे इनर (भोकात बसणारी) की आउटर (शाफ्टवर बसणारी) आणि किती मिलिमीटर, एवढंच विचारतात. दोन्हींचे मिळून वडापावइतके पैसे गेले असतील.

स्प्रिंगला मात्र वेळ द्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात स्प्रिंगवाल्याकडे जुने तुकडे दाखवून त्याच व्यासाच्या, पण वेगवेगळ्या जाडीच्या तारेच्या स्प्रिंग घेतल्या. जाड तारेची घातली की पॉल मस्त दाबून बसतो आणि टकटक आवाजही दणदणीत येतो, पण दांडा मागे नेताना इतका जोर लागतो की ढिला नट त्याच्याबरोबर उलटा फिरतो. मग गोटी बोटाने धरून ठेवावी लागते आणि रॅचेटचा उपयोगच संपतो. फार बारीक तारेची घातली तर पॉल दात्यात पूर्ण शिरत नाही आणि घसरण पुन्हा सुरू. पेनातली स्प्रिंग घालण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो याच कारणाने मला पटत नाही. योग्य स्प्रिंगची माझी परीक्षा सोपी आहे: बोल्टवर हाताने दोन आटे चढवलेला नट दांडा मागे नेताना जागेवर राहिला पाहिजे.

पॉल कुठेच मिळत नाही. साध्या लोखंडाचा घासून बनवून देतो म्हणणारे भेटले, पण हा भाग कडक केलेल्या पोलादाचाच हवा. मऊ दाता पहिल्याच मोठ्या बोल्टला दबतो. शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारात त्याच बनावटीचा, दांडा वाकलेला रॅचेट सापडला. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईकरांनी नागदेवी आणि चोरबाजार बघावा. घेण्याआधी चौकोन धरून दांडा एक पूर्ण फेरा फिरवायचा आणि टकटक मोजायची. चोवीस आल्या तर चोवीस दाते. दाते जुळले तरी डोक्याची जाडी आणि रुंदीसुद्धा मोजा. आणि एकटा पॉल काढू नका, चक्र आणि पॉल ही जोडीच बदला, कारण दोघं एकमेकांवर झिजलेले असतात. चक्राबरोबर चौकोनातला गोटी धरून ठेवणारा छर्राही नवा मिळतो. तो सुटा बदलणं फार किचकट असतं.

जोडताना बेअरिंगचं घट्ट ग्रीस ठासू नका. थंडीत ते आणखी घट्ट होतं, पॉल चिकटतो आणि दाता अर्धवट बसतो. मी पातळ मशीन ऑइलचे थेंब सोडतो. जोडल्यावर व्हाइसमध्ये बोल्ट धरून दोन्ही दिशांना हळूहळू जोर वाढवत तपासला, मगच कामाला घेतला.

दिवाळीनंतर पुन्हा उघडून पाहिला. दाते जसेच्या तसे, स्प्रिंग तेवढीच लांब, तेल थोडं काळं झालेलं. १७ आणि १९ च्या गोट्यांवर रोजचं काम असतं, तिथे भरवसा पूर्ण आहे. गंजून बसलेला नट मी यावर फोडत नाही. त्यासाठी लांब टॉमी (रॅचेट नसलेला साधा दांडा) वापरतो, आणि नट हलला की रॅचेट घेतो. पाइप लावून दांडा लांब करणं तर अजिबात नको.

एक मर्यादा दुरुस्तीने जात नाही. चोवीस दाते म्हणजे प्रत्येक टकटकीला दांडा १५ अंश फिरायला जागा लागते. पंपाच्या मागच्या बाजूला तेवढी मिळत नाही, म्हणून तिथे ७२ दात्यांचा नवा छोटा रॅचेट ठेवलाय, त्याला ५ अंश पुरतात. बाकी सगळीकडे हा जुनाच. त्याच्या दांड्याचं वजन आणि पकड मला बाजारातल्या स्वस्त नव्या रॅचेटमध्ये मिळाली नाही. वाकलेल्या दांड्याच्या रॅचेटमधून उरलेले भागही तेल लावून डबीत जपून ठेवलेत.