साधा 25 वॅटचा सोल्डरिंग आयर्न की स्टेशन? बिट जळत असेल तर आधी हे बघा

मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडवर सोल्डरिंग आयर्न मागितला की दुकानदार विचारतो, किती वॅटचा? त्याहून कामाचा प्रश्न असा की तुमचा आयर्न चालू राहून स्टँडवर नुसता पडून किती वेळ असतो. बिट (आयर्नचं तापणारं टोक) काळं पडणं, सोल्डरची गोळी होऊन ती घरंगळणं, बोर्डावरचं तांबं उखडणं, या बहुतेक तक्रारी त्या रिकाम्या वेळात सुरू होतात.

साध्या आयर्नमध्ये अभ्रकावर गुंडाळलेली नायक्रोमची तार असते आणि तिला आवरणारं काहीच नसतं. काम चालू असताना उष्णता सांध्यात जाते. स्टँडवर ठेवला की बिट सहज 400 अंशांच्या घरात जातं. 60/40 सोल्डर 190 अंशांपर्यंत पूर्ण वितळतं आणि बिट 320 ते 350 अंशांवर असलं की काम भागतं. वरच्या उष्णतेने फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून वापरतात ते राळेसारखं द्रव्य) जळून त्याचा कोळसा होतो, बिटावरची कल्हई जाते, मग सोल्डर धरत नाही. सांधा होईना म्हणून माणूस आयर्न दाबून धरतो आणि ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची पट्टी, उचलला जातो. स्टेशनमध्ये, म्हणजे तापमान ठरवता येणाऱ्या आयर्नमध्ये, हीटरशेजारी सेन्सर असतो. ठरवलेलं तापमान गाठलं की कंट्रोलर वीज तोडतो.

साधा आयर्न नेहमीपेक्षा जास्त तापू लागला असेल तर प्लग काढून, आयर्न गार झाल्यावर, फेज आणि न्यूट्रलच्या पिनांमध्ये मल्टिमीटर लावा. 230 व्होल्ट, 25 वॅट म्हणजे सुमारे 2100 ओहम यायला हवेत. नायक्रोमचा रोध गरम-थंडात फारसा बदलत नाही, त्यामुळे थंड मापावर भरवसा ठेवता येतो. 1800 च्या आसपास आले तर अभ्रक तडकून काही वेढे एकमेकांना चिकटलेत आणि आयर्न 29 वॅट खातोय. तो हीटर बदलायचाच. माप बरोबर असेल तर घरातला व्होल्टेज बघा. 250 व्होल्टला हाच आयर्न साडेएकोणतीस वॅटचा होतो.

उलटही होतं. बिट थंड वाटतं आणि हीटर मात्र आत जळत असतो. नळीत तांब्याची काळी खपली साचली की उष्णता बिटापर्यंत पोचत नाही. आठवड्यातून एकदा थंड आयर्नचा स्क्रू सैल करून बिट काढा, खपली झटका, बिट पुन्हा पूर्ण आत बसवा. बिट नुसत्या तांब्याचं असेल तर कानस चालते. लोखंडाचा मुलामा असलेल्याला कानस लावली की ते संपलंच.

स्टँडवर पडून जास्त तापण्यावर स्वस्त तोडगा आहे: फेजच्या तारेत 1एन4007 डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आणि त्याला समांतर एक स्विच. स्विच बंद ठेवला की अर्धीच लहर जाते, 25 चे साडेबारा वॅट होतात, बिट उबदार राहतं पण जळत नाही. हातात घेताना स्विच चालू करायचा. जोडणी बंद प्लॅस्टिकच्या डबीत हवी. वायरवर टेप गुंडाळून भागवू नका, तिथे 230 व्होल्ट आहेत.

स्टेशन कधीच जास्त तापत नाही, हाही भ्रमच. केबल हँडलपाशी वाकून सेन्सरच्या तारा एकमेकींना चिकटल्या की कंट्रोलरला हीटर थंड वाटतो आणि तो वीज देतच राहतो. हॅको 936 या स्टेशनच्या मूळ हँडलमध्ये खोलीच्या तापमानाला हीटर 2.5 ते 3.5 ओहम, सेन्सर 43 ते 58 ओहम दाखवतो. माप घेताना केबल हलवा. आकडा उड्या मारू लागला तर दोष तिथेच. नकली हँडलांत हीटर निराळेही असतात, तेव्हा नवा आणण्याआधी जुन्याचं माप लिहून घ्या आणि बसवल्यावर कॅलिब्रेशन करा, म्हणजे नॉबवरचं आणि बिटाचं तापमान जुळवून घ्या. आणखी एक चूक सर्रास होते. बिट सैल असतं, टोक थंड राहतं, आणि लोक नॉब 450 वर नेतात. आधी नट घट्ट करा. मोठ्या ग्राउंडच्या सांध्यालाही तापमान न वाढवता 2.4 मिमीचं छिन्नी-टोक लावा.

मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात पडून दमटलेला साधा आयर्न लावताक्षणी आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पाडू शकतो, कारण त्याच्या हीटरवर थेट मेन्स असते. हँडलला वेगळे 24 व्होल्ट देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या स्टेशनला हा त्रास नाही. अशा स्टेशनला दिव्याचा डिमर मात्र कधी जोडू नका.

महिन्यातून चार वायरी जोडणाऱ्याने स्टेशनवर पैसे घालू नयेत. साधा आयर्न आणि डायोड पुरे. रोज बोर्ड दुरुस्त करणाऱ्याने किंवा 217 अंशांच्या पुढे वितळणारं शिसेविरहित सोल्डर वापरणाऱ्याने स्टेशनच घ्यावं. जागा कमी असेल तर टी12 पद्धतीचा बघा: हीटर आणि सेन्सर बिटातच असल्याने मधली फट उरत नाही. बिट साधारण 8 ओहमचं असतं, म्हणून 24 व्होल्टला 72 वॅट मिळतात, लॅपटॉपच्या 19 व्होल्टच्या अडॅप्टरवर 45. बिट महाग पडतं, हीटर गेला की अख्खं टाकावं लागतं.

साधा घेणार असाल तर दुकानातच तीन पिनांचा प्लग आहे का बघा, स्क्रू सैल करून बिट सरकतं का बघा, आणि अर्थची पिन ते बिट रोध मोजा: जवळजवळ शून्य आला नाही तर दुसरा मागा.