जुन्या १५ एचपी यामाहासाठी बिनब्रँड अल्युमिनियम पंखा: पाती पास, हब काठावर

होडीच्या मागे लावायची यामाहाची १५ एचपी दोन-स्ट्रोक मोटर (२ सिलिंडर, २४६ सीसी) जुनी झाली तरी सहजी दम तोडत नाही. आधी पंखा दगा देतो. तिला बसणारे ९ १/४ इंच व्यासाचे, तीन पात्यांचे बिनब्रँड अल्युमिनियम पंखे मूळ पंख्यापेक्षा बरेच स्वस्त मिळतात. घ्यावेत का? पात्यांबद्दल आणि ओतकामाबद्दल फारशी तक्रार नाही. शंका आहे ती मधल्या रबरी हबची. आणि जुन्या मोटरीचं दुखणं बहुतेक वेळा तिथंच असतं.

नवा पंखा घेण्याआधी दोष पंख्याचाच आहे ना, हे बघा. लक्षण ठरलेलं: हळू चालवताना सगळं ठीक, रेस वाढवली की इंजिन ओरडतं आणि होडी जागची हलेना. पंख्याची आतली बुश (मधली धातूची नळी) शाफ्टच्या दातांवर बसते, तिच्याभोवती घट्ट दाबलेलं रबर असतं आणि रबराबाहेर अल्युमिनियम. दगडाला किंवा ओंडक्याला पातं लागलं तर रबराने घसरावं आणि गिअरचे दात वाचावेत, अशी ही रचना आहे. पण जुनं, कडक झालेलं रबर विनाकारण घसरू लागतं. ते तपासायला पैसे लागत नाहीत. नट आणि वॉशर काढा, बुशपासून बाहेरच्या अल्युमिनियमपर्यंत ऑइल पेंटची एक सरळ रेघ मारा, सुकू द्या, पुन्हा बसवून पूर्ण रेसवर चालवा. रेघ तुटून दोन तुकडे इकडेतिकडे गेले असतील तर हब सुटला.

रेघ जागेवरच असेल तर पैसे खिशात ठेवा. वळताना किंवा लाटेवर उसळतानाच रेस सुटत असेल, तर पंख्याला हवा लागते आहे. पंख्याच्या वरची आडवी प्लेट होडीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर २५ मिमी खाली हवी. १५ इंची शाफ्टची मोटर २० इंची ट्रान्समवर (होडीच्या मागच्या फळीवर) लावली की हे होणारच. आणि झटक्याबरोबर कट-कट आवाज येत असेल तर क्लच डॉग (गिअर शाफ्टला जोडणारा दातांचा भाग) झिजला आहे. त्याला कुठलाही पंखा उपाय नाही.

थरथर हे वेगळं प्रकरण. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, प्लगच्या टोप्या काढा, एका पात्याच्या टोकाजवळ येईल अशी काठी मोटरीच्या पायाला पक्की बांधा आणि पंखा हाताने फिरवा. तिन्ही टोकं काठीपासून सारख्याच अंतरावरून जायला हवीत. एखादं २-३ मिमी सरकलं तर पातं वाकलंय. पंखा उतरवल्यावर शाफ्टचं टोकही डुगडुगत फिरत असेल, तर खर्च मोठा आहे. कडेच्या छोट्या खाचा कानशीने गुळगुळीत करता येतात, पण तिन्ही पाती सारखी घासा.

पंखा काढताना प्लेट आणि पातं यांच्यामध्ये लाकडी ठोकळा अडकवा, म्हणजे नट सैल करताना पंखा फिरत नाही. समोरच्या थ्रस्ट वॉशरच्या (पंख्याचा रेटा झेलणाऱ्या जाड वॉशरच्या) मागे नक्की डोकावा. तिथे तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा धागा) गुंडाळलेला सापडतो. तो ऑइल सील कापतो, पाणी आत जातं आणि गिअर ऑइल दुधाळ होतं. ऑइल तसं दिसलं तर नवा पंखा राहू द्या, आधी सील बदला. बसवताना दातांना मरीन ग्रीस भरपूर लावा, नाहीतर खाऱ्या पाण्यात पंखा शाफ्टला चिकटतो. क्रम असा: थ्रस्ट वॉशर, पंखा, मागचा वॉशर, खाचांचा नट, नवी स्टीलची स्प्लिट पिन. भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे घट्ट करा, मागे सैल करू नका.

आता खरेदी. या मोटरच्या शाफ्टला ८ दात आहेत. सुझुकीच्या डीटी-१५ ला १०, तोहात्सुच्या ९.९ ते २० एचपी मॉडेलना १४, त्यामुळे दुकानदाराने "सगळ्यांना बसतो" म्हटलं तरी दात मोजूनच घ्या. पिच, म्हणजे एका फेरीत पंखा कागदावर जितका पुढे जातो ते अंतर, ८ ते १२ इंचांपर्यंत मिळतो. पूर्ण रेसवर इंजिन ४५०० ते ५५०० आरपीएममध्ये यायला हवं. जाळी-माणसांसह त्याखाली राहत असेल तर पिच कमी करा. पिच १ इंचाने कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. ९ ३/४ इंची पिचवर, २.०८ गिअर रेशोने, ५००० आरपीएमला कागदावर १९ नॉट येतात. पंख्याची पाण्यातली घसर धरली की प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. जड होडीला ११ किंवा १२ इंची पंखा लावून इंजिन दाबत ठेवणं ही वेगाची हाव, दुसरं काही नाही.

पंखा हातात घेतल्यावर बुश मध्यभागी आहे का बघा, रबर कुठे सुटलंय का बघा, आणि मागचं तोंड पोकळ व स्वच्छ हवं, कारण या मोटरचा धूर हबमधूनच बाहेर पडतो. बिनब्रँड पंख्याचा हब टिकेल की नाही, हे दुकानात कळत नाही. म्हणून तो जवळच्या खाडीसाठी किंवा सुटा पंखा म्हणून ठीक. बाहेर समुद्रात जाणाऱ्याने मूळ पंखाच घ्यावा.

हब घसरला की बुश आणि पंखा आरपार ड्रिल करून बोल्टने जखडायचा सल्ला मिळतो. नका करू. पुढच्या खडपाला पंखा नाही, गिअर तुटेल. ४-५ एचपीच्या मोटरीतल्या शिअर पिनेऐवजी (धक्का बसला की मुद्दाम आधी तुटणाऱ्या पिनेऐवजी) खिळा घालणाराही हेच करतो. मूळ पंख्याची पाती शाबूत असतील तर तो भंगारात देऊ नका. हायड्रॉलिक प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये नवा रबरी हब साबणाच्या पाण्याने बसवून घेता येतो. तेल किंवा ग्रीस लावून बसवला तर तो पुन्हा घसरतो.