बॅजप्रोव्हायडर: आठ महिने वापरून कळलेली लाल टिकली

दसऱ्याला नवा फोन घेतला, आता मृग लागून आठवडा झाला. म्हणजे आठ महिने झाले. फोनच्या कॅमेऱ्यावर आणि बॅटरीवर लिहिणारे पुष्कळ आहेत, मला त्याबद्दल काही सांगायचं नाही. मला सांगायचंय ते फोनात मुकाट्याने काम करणाऱ्या एका सिस्टम ॲपबद्दल. त्याला आयकॉन नाही, ते उघडता येत नाही, प्ले स्टोअरवरून आपण ते घेतलेलंही नसतं. सॅमसंगच्या फोनात ते आधीपासूनच असतं आणि त्याचं नाव बॅजप्रोव्हायडर. ॲपच्या आयकॉनवर कोपऱ्यात जी लाल टिकली दिसते, तिच्यातल्या आकड्याचा हिशेब ठेवणं हे त्याचं काम.

टिकलीवर एवढं काय लिहायचं, असं वाटेल. आमचं पोट तिच्याशी बांधलेलं आहे म्हणून लिहितेय. आम्ही आंजर्ल्यात राहतो. घरामागे हापूसची कलमं आहेत, आणि घराच्या एका अंगाला पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्या आहेत. आंब्याच्या पेट्यांची मागणी व्हॉट्सॲपवर येते, खोल्यांची चौकशी कधी मेलवर तर कधी बुकिंगच्या ॲपवर. सकाळी पाहुण्यांच्या घावण्यांचं पीठ, दुपारी जेवणं, संध्याकाळी हर्णैच्या लिलावातून मासळी आली की ती साफ करायची. हात सतत ओले. फोन पडवीतल्या फळीवर ठेवलेला असतो, कारण घरात रेंज मिळते ती तिथेच. येता-जाता मान वर करून बघते, कुठल्या आयकॉनवर टिकली आली आहे का. नसली की पुन्हा चुलीकडे. त्यामुळे ती टिकली खरं बोलते की नाही, हा माझ्यासाठी साधा प्रश्न नव्हता.

डिसेंबरात एका ग्रुपवर निरोप फिरत आला. फोनमध्ये बॅजप्रोव्हायडर नावाचं लपलेलं ॲप आहे, ते तुमचे मेसेज वाचतं, बॅटरी खातं, लगेच बंद करा. मी तपासायला गेले. सेटिंग्जमध्ये ॲप्स, तिथे वरच्या फिल्टरच्या खुणेवर बोट ठेवलं, ‘सिस्टम ॲप्स दाखवा’ चालू केलं, आणि यादीत बॅजप्रोव्हायडर खरंच होतं. पॅकेजचं नाव कॉम डॉट सेक डॉट अँड्रॉइड डॉट प्रोव्हायडर डॉट बॅज. आयकॉनच्या जागी अँड्रॉइडचं साधं चित्र. ज्या वस्तूचं नाव आपण कधी ऐकलेलं नाही ती आपल्याच फोनात बसलेली दिसली की पोटात गोळा येतोच. मी ते फोर्स स्टॉप केलं, त्याचा डेटा पुसला, आणि त्याच झपाट्यात सूचनांच्या सेटिंगमध्ये जाऊन आयकॉनवरचे बॅजही, म्हणजे त्या टिकल्याच, पूर्ण बंद केले. निरोपात बॅटरी वाचवायचा आणखी एक उपाय होता, तोही केला: बुकिंगचं ॲप ‘डीप स्लीपिंग’च्या यादीत टाकलं.

फोन एकदम स्वच्छ दिसायला लागला. दोन दिवस बरंही वाटलं.

नाताळच्या आठवड्यासाठी पुण्याच्या एका कुटुंबाने दोन खोल्या, तीन रात्री, अशी चौकशी केली होती. बुकिंगचं ॲप झोपलेलं, त्यामुळे त्याची सूचना आलीच नाही. मेल मात्र आली होती. पण रात्री झोपताना वरून सूचनांचा पडदा खाली ओढून ‘सगळं साफ करा’ दाबायची मला सवय. ती मेलची सूचनाही त्यात गेली, आणि आयकॉनवर टिकली नसल्याने सकाळी मेल उघडायचं काही कारण उरलं नाही. चौथ्या दिवशी दुसऱ्याच कामासाठी मेल उघडली तेव्हा ती चौकशी दिसली. तोवर त्यांनी मुरुडला खोल्या घेतल्या होत्या. ऐन नाताळात आमच्या दोन खोल्या तीन रात्री रिकाम्या राहिल्या. लहान गावात असा धंदा करणाऱ्याला हे किती लागतं, ते तोच जाणे.

जानेवारीत पुतण्या चिपळूणहून आला. तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काकी, त्या बिचाऱ्या ॲपने काय केलंन? ता फक्त फळा हाय.”

मग त्याने पडवीत बसून जे दाखवलं ते मी इथे जमेल तसं मांडते, कारण फोनच्या दुकानात हे कोणी सांगत नाही.

गावच्या दुकानात भिंतीवर फळा असतो तसा हा फळा. व्हॉट्सॲपसारखं ॲप येतं आणि आपल्या नावापुढे आकडा लिहितं: माझे पाच. होम स्क्रीन, म्हणजे जिला लाँचर म्हणतात ती, फळ्याकडे बघते आणि आयकॉनवर पाचाची टिकली काढते. पाच मेसेज काय होते, कोणाचे होते, हे फळ्याला माहीत नसतं. त्याच्याकडे फक्त ॲपचं नाव आणि आकडा. पुतण्याने मला त्याच्या परवानग्यांचं पान उघडून दाखवलं. कॅमेरा नाही, माइक नाही, संपर्क नाही, लोकेशन नाही. जागा इतकी थोडी की आपल्या एका फोटोला त्याहून जास्त लागेल. बॅटरीच्या यादीत तर ते कुठे दिसेचना. मेसेज वाचतं म्हणून ज्याला मी दोष दिला, त्याच्या हाती एक आकडा सोडून काहीच नव्हतं.

मुळात हा फळा सॅमसंगला वेगळा का करावा लागला, यालाही कारण आहे. आयफोनवर आकडा आधीपासून होता, आणि २००९ साली बाहेरच्या ॲपांनाही पुश सूचनेसोबत तो पाठवता येऊ लागला. अँड्रॉइडमध्ये मात्र गूगलने स्वतःची अशी सोय बरीच वर्षं दिलीच नव्हती. म्हणून कंपन्यांनी आपापली पद्धत काढली. सॅमसंगची एक, सोनीची दुसरी, एचटीसीची तिसरी. ॲप बनवणाऱ्यांना प्रत्येक कंपनीसाठी वेगळं लिहावं लागे. २०१७ साली अँड्रॉइड ८, म्हणजे ओरिओ आलं, आणि तेव्हा नोटिफिकेशन डॉट नावाने ठिपका अँड्रॉइडचाच भाग झाला. आमच्या ह्यांच्या फोनात बॅजप्रोव्हायडर शोधून सापडत नाही, ते याचमुळे. त्यांचा फोन दुसऱ्या कंपनीचा आहे. गूगलच्या पिक्सेलवर तर होम स्क्रीनवर नुसता ठिपका येतो, आकडा नाहीच.

आता खरी मेख. अँड्रॉइडचा तो ठिपका सूचनेला बांधलेला असतो, मेसेज वाचला की नाही याला नव्हे. हे मला नुसतं सांगून पटलं नसतं. पुतण्याने माझे बॅज पुन्हा चालू केले आणि त्याच्या फोनवरून मला तीन मेल पाठवल्या. माझ्या मेलच्या आयकॉनवर टिकली आली. मग म्हणाला, आता वरचा पडदा ओढा आणि त्या सूचना बोटाने बाजूला सारा. मी सारल्या. टिकली गेली. “आता मेल उघडा.” उघडली, तर तिन्ही मेल ठळक अक्षरांत तशाच, न वाचलेल्या. मी कितीतरी वेळ त्या तीन ओळींकडे बघत राहिले. नाताळच्या आधी माझ्याकडून नेमकं काय झालं ते त्या घडीला कळलं. रोज रात्री मी पडदा साफ करत होते, आणि उद्यासाठी ठेवलेल्या खुणा आपल्याच हाताने पुसत होते.

उलटा प्रकारही असतो. काही ॲपं स्वतःच फळ्यावर आकडा लिहितात आणि नंतर पुसायला येत नाहीत. माझ्या फोनात खरेदीचं एक ॲप आहे, त्यावर जानेवारी ते मार्च ‘१’ बसून होता. आत जाऊन सगळं बघितलं, ऑर्डर, ऑफर, संदेश, सगळं वाचलेलं. तरी एक हटेना. अशा वेळी आधी ते ॲप उघडून बंद करून बघायचं, मग त्याच्या सूचना काढायच्या. तरीही हलला नाही तरच बॅजप्रोव्हायडरच्या स्टोरेजमध्ये जाऊन डेटा पुसायचा आणि फोन बंद करून चालू करायचा. फळा कोरा होतो, आणि ज्या ॲपांकडे खरंच काही आहे ती नव्याने लिहितात. मेसेज, फोटो, काहीही जात नाही. डिसेंबरात मी भीतीपोटी जे केलं, तेच मार्चमध्ये समजून केलं, आणि तो एक गेला.

बुकिंगच्या ॲपची गोष्ट मात्र फळ्याच्याही आधीची. सूचना फोनपर्यंत पोचलीच नाही तर फळ्यावर लिहायला कोण येणार? बहुतेक ॲपांच्या सूचना गूगल प्ले सर्व्हिसेसच्या एका जोडणीतून येतात. प्रत्येक ॲप आपापली वेगळी तार ओढून बसत नाही, म्हणून बॅटरी टिकते. पण ॲप आपण डीप स्लीपमध्ये टाकलं की आपण स्वतः उघडेपर्यंत ते चालत नाही. फोर्स स्टॉप केलेल्या ॲपचंही तेच. माझ्या फोनात बॅटरीच्या पानावर बॅकग्राउंड वापराच्या मर्यादा म्हणून जागा आहे, तिथे झोपणाऱ्या, गाढ झोपणाऱ्या आणि कधीच न झोपणाऱ्या ॲपांच्या तीन याद्या असतात. आता व्हॉट्सॲप, मेल आणि बुकिंग तिसऱ्या यादीत आहेत. बॅटरीवर यामुळे पडलेला फरक मला जाणवला नाही. संध्याकाळी दिवे लागणीला एकदा चार्जिंग लावायचं, ते आधीही लावतच होते.

आंब्याच्या दिवसांत या सगळ्याची खरी परीक्षा झाली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून व्हॉट्सॲपवर मागणी सुरू झाली की दिवसाला आकडा कुठच्या कुठे जातो. त्यात ग्रुपांवरची सुप्रभाताची फुलं आणि विनोदही मोजले जातात. टिकलीत ६४ दिसलं तर त्यातल्या पेटीच्या मागण्या किती, हे कसं कळणार? मोठा आकडा आणि कोरा आयकॉन, दोन्ही सारखेच निरुपयोगी. म्हणून मी ग्रुप अर्काइव्हमध्ये टाकले. २०२१ पासून व्हॉट्सॲपमध्ये अर्काइव्ह केलेली चॅट नवा मेसेज आला तरी तिथेच राहते आणि आवाज करत नाही. सासूबाईंच्या भजनी मंडळाचा ग्रुप तेवढा बाहेर ठेवला, कारण त्या रोज विचारतात. आकडा खाली आला आणि त्याला अर्थ आला.

दुसरी गोष्ट सूचनांच्या वर्गांची. याला इंग्रजीत चॅनल म्हणतात, हेही अँड्रॉइड ८ पासूनचं. एकाच ॲपमध्ये ऑफर, ऑर्डर, आठवणी असे वेगवेगळे वर्ग असतात, आणि प्रत्येकाला बॅज द्यायचा की नाही ते आपण ठरवू शकतो. बुकिंगच्या ॲपमध्ये जाहिरातीच्या वर्गाचा बॅज काढून टाकला, पाहुण्यांच्या निरोपांचा ठेवला. आता त्या आयकॉनवर टिकली आली की कोणीतरी माणूस पलीकडे वाट बघतोय, एवढं नक्की असतं. हे सेटिंग सापडायला मला पाच महिने लागले, आणि माझ्या मते बॅजच्या सगळ्या प्रकरणात सर्वात मोलाचं हेच आहे. फोन घेतल्याच्या पहिल्या दिवशी अर्धा तास काढून करावं.

‘सगळं साफ करा’ची सवय मोडायला वेळ लागला. अजूनही बोट तिकडे जातं. त्यावर उपाय म्हणून सूचनांचा इतिहास चालू ठेवला आहे. अँड्रॉइड ११ पासून ही सोय आहे. मागच्या २४ तासांत आलेल्या सूचना, सारून टाकलेल्यासुद्धा, तिथे सापडतात. आधी चालू केलेला असावा लागतो, हे लक्षात ठेवा. मे महिन्यात एका गिऱ्हाइकाचा पत्ता असा दोनदा परत मिळाला.

कमीपणाही सांगते. आकडा सगळीकडे एकाच अर्थाचा नसतो, हे मला आजही खटकतं. एका ॲपचा पाच म्हणजे पाच मेसेज, दुसऱ्याचा पाच म्हणजे पडद्यावरच्या पाच सूचना. मेलच्या टिकलीतला आकडा आणि आतल्या न वाचलेल्या मेल यांचा मेळ कधीच बसत नाही, आणि का बसत नाही ते वर लिहिलंच आहे. वयस्कर माणसांना हे कसं कळावं? फोनच्या सेटिंग्जमध्ये दोन ओळी साध्या मराठीत लिहिल्या असत्या, की हे ॲप फक्त आकडे ठेवतं, तर तो खोटा निरोप आमच्या अर्ध्या गावात पसरला नसता. आमच्या वाडीतल्या सात-आठ जणींचे फोन मी गेल्या काही महिन्यांत स्वतः बघितले. तिघींनी बॅज बंद करून टाकले होते, आणि तिघींनाही वाटत होतं की आपण काहीतरी धोक्याचं टाळलं.

परवा वादळी पाऊस झाला. दुपारी लाइट गेली, रात्री टॉवरची रेंजही गेली, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आली नाही. अशा वेळी टिकल्या कोऱ्या राहतात म्हणून मन अस्वस्थ होतं, पण आता माहीत आहे की सूचना वाटेत गूगलच्या सर्व्हरवर थांबून राहतात, जास्तीत जास्त चार आठवडे. रेंज आली तशी फळीवरच्या फोनने एकामागून एक आवाज केले. व्हॉट्सॲपवर ११, मेलवर ४, बुकिंगवर १. मी हात पुसले, पडद्याला हात लावला नाही, सरळ ॲपं उघडली. बुकिंगवरचा एक म्हणजे नारळी पौर्णिमेच्या आसपासची चौकशी होती, दोन खोल्या. तिथेच उभ्याने उत्तर पाठवलं.