मुलांचं शिवणकाम किट: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

लेक आठ वर्षांची, धाकटा सहाचा, दोघांत मिळून हातशिलाईचं एक किट घेतलं होतं. फेल्टचे कापलेले तुकडे, रंगीत दोरे, प्लॅस्टिकच्या सुया, भरायला कापूस, छोटी कात्री आणि चित्रांची पुस्तिका असं येतं ना, तेच. आता त्यातले सगळे प्रोजेक्ट करून झालेत आणि किट संपल्यावरही आमचं शिवणं चालूच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी चांगलं सांगते, ते म्हणजे फेल्ट. ते विणलेलं कापड नसतं, तंतू दाबून एकजीव केलेले असतात, त्यामुळे कसंही कापलं तरी कडेचे धागे सुटत नाहीत, कडा दुमडायला लागत नाही आणि हातात ताठ राहतं. शिकायला सुरुवात करताना पातळ सुती कापड अजिबात देऊ नका, ते सरकतं, चुरगळतं आणि मुलं वैतागून उठून जातात.

आता माझी मुख्य तक्रार. किटमधल्या प्रत्येक तुकड्याला कडेने आधीच भोकं पाडलेली आहेत. पहिल्या बुकमार्कला ते छान वाटलं, एका भोकातून खाली, पुढच्यातून वर, धावदोरा पटकन कळला. पण पुढचे सगळे प्रोजेक्टही तसेच! मूल फक्त भोकं शोधत राहतं, टाका किती लांबीचा घ्यायचा, कडेपासून किती आत, सुई वर कुठे काढायची हे त्याला ठरवावंच लागत नाही आणि शिवणं म्हणजे तर तेच ठरवणं आहे. किटमधला मासा, घुबड सगळं सुबक शिवून झाल्यावर लेकीला साधा फेल्टचा तुकडा दिला तर म्हणाली, "आई, पण आता सुई कुठे घालू?" मग आम्ही खडूने रेघ मारून तिच्यावर अर्ध्या अर्ध्या सेंटीमीटरवर ठिपके काढले, ते जमल्यावर नुसती रेघ ठेवली, नंतर रेघही नाही. टाके आधी वेडेवाकडे आले पण ते तिचे स्वतःचे होते, आणि हळूहळू सारखे व्हायला लागले. हा टप्पा पुस्तिकेत असायलाच हवा होता.

प्लॅस्टिकची सुई त्या भोकांपुरतीच, साध्या फेल्टमधून ती जातच नाही, मुलं जोर लावतात आणि ती वाकते. आम्ही मोठ्या नेढ्याची, टोकदार अशी भरतकामाची सुई आणली. भीती वाटते हे मान्य, पण नीट टोचणारी सुई अलगद जाते, जोर लावावा लागला की हात सटकतो. घरातले नियम एवढेच की शिवताना बसूनच शिवायचं, सुई हातात नसेल तेव्हा पिनकुशनमध्येच, आणि उठताना सुया मोजायच्या.

दोऱ्याबद्दल पुस्तिकेत काहीच नाही आणि मुलांची अर्धी चिडचिड तिथेच होते. दोरा मोठ्या माणसाच्या बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, साधारण 45 सेंमी, त्याहून लांब घेतला की गुंता होणारच. सुईतून सारखा निसटत असेल तर दुहेरी करून दोन्ही टोकांना एकच गाठ मारा. भरतकामाच्या दोऱ्यात 6 पदर असतात, ते वेगळे करायचे असतील तर एकेक पदर सरळ वर ओढायचा, सगळे एकदम ओढले की गाठोडं होतं.

धाकटा डावखुरा आहे. त्याला शिकवताना शेजारी न बसता समोर बसले, म्हणजे माझा उजवा हात त्याला आरशासारखा दिसतो आणि तो डाव्याने तसंच करतो. हे इतकं सोपं असून कुठल्याच पानावर नाही.

अजून एक, पुस्तिकेत फक्त धावदोरा आहे. कापूस भरलेल्या खेळण्याला तो पुरत नाही, जरा दाबलं की टाक्यांमधून कापूस बाहेर डोकावतो. आम्ही त्या जागी हातटीप शिकवली, प्रत्येक टाका थोडा मागे येऊन घ्यायचा असल्याने शिवण बंद आणि पक्की होते. सहा वर्षांच्या मुलाला ती अवघड जाते, आठच्या लेकीला दोन-तीन बैठकांत आली. कात्री तर कागदापुरतीच आहे. कापडाची वेगळी घ्या आणि तिने कागद कापू देऊ नका, धार जाते.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो बटण लावण्याचा, आणि तो प्रोजेक्ट किटमध्ये नव्हताच! बटणावर आडवी काडी ठेवून तिच्यावरून टाके घ्यायचे, मग काडी काढून बटण वर ओढायचं आणि खालच्या दोऱ्याला दोन-तीन वेढे द्यायचे, म्हणजे बटण कापडाला घट्ट चिकटत नाही आणि काजात नीट बसतं. लेक आता स्वतःच्या शर्टाची बटणं स्वतः लावते, आणि जुन्या शर्टाच्या बाहीची नाडीची पिशवीही तिने शिवली, मला त्या पिशवीचं घुबडापेक्षा जास्त कौतुक आहे.

मूल पाच-सहा वर्षांचं असेल आणि हातात सुई धरण्याची गोडी लावायची असेल तर किट जरूर घ्या. सात-आठच्या पुढचं असेल तर फेल्टच्या शीट, भरतकामाचे दोरे, टोकदार सुया आणि चार बटणं सुटी घ्या, आणि पहिली वस्तू पिनकुशन करायला लावा, ती त्याच दिवशी पूर्ण होते आणि पुढे रोज लागते.