विज्ञान आणि धर्माच्या इतिहासावरचा ऑनलाइन कोर्स: भांडण मिटवण्याच्या नादात जरा जास्तच सारवासारव

व्हिडिओ कोर्स आहे, एका ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरचा. नाव देत नाही कारण खाली तक्रारीपण आहेत. थोडक्यात सांगायचं तर सुरुवात आणि मधला भाग जबरदस्त, गॅलिलिओपाशी गाडी घसरते, शेवट उरकलाय, आणि क्विझ तर निव्वळ टाइमपास.

सुरुवात योग्य जागी केलीय. एकीकडे पोथी, दुसरीकडे दुर्बीण आणि दोघांचं जन्माचं हाडवैर ही जी स्टोरी आपल्या डोक्यात फिट बसलीय ती बरीचशी एकोणिसाव्या शतकात घडवली गेली, ती सांगणारं अमेरिकेतल्या ड्रेपरचं पुस्तक १८७४ चं आणि तिथल्याच व्हाइटचं १८९६ चं. हा व्हाइट कॉर्नेल युनिव्हर्सिटीच्या संस्थापकांपैकी एक, कुठल्याच पंथाच्या ताब्यात नसलेलं विद्यापीठ काढलं म्हणून धार्मिक मंडळी त्याच्यावर तुटून पडली होती, आणि तो राग पुस्तकात दिसतो. मध्ययुगात शिकलेली माणसं पृथ्वी सपाट मानायची हे तर साफ चूक, तेव्हाच्या युरोपातल्या विद्यापीठांत गोल पृथ्वीच शिकवायचे.

पण पैसे वसूल होतात ते कॅलेंडरच्या भागात. ईस्टर कधी धरायचा तर वसंतसंपातानंतरच्या (म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखे होतात त्यानंतरच्या) पौर्णिमेनंतरचा रविवार, म्हणजे चर्चला सूर्य आणि चंद्र दोन्हींचा हिशोब पक्का लागणार, आणि जुनं कॅलेंडर इतकं घसरलं होतं की १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर करावा लागला. मग येतं इटलीतल्या बोलोन्याचं सान पेत्रोनिओ चर्च. वर छताजवळ एक छोटं भोक, खाली फरशीवर साधारण ६७ मीटर लांब रेघ, ऐन मध्यान्हीला सूर्याचा कवडसा त्या रेघेवर येतो, उन्हाळ्यात अलीकडे आणि हिवाळ्यात पार दुसऱ्या टोकाला. कासिनी या खगोलशास्त्रज्ञानं ही रेघ १६५५ मध्ये आखली. आणि तो नुसता संपात बघत बसला नाही, कवडशाचा आकार वर्षभरात किती लहानमोठा होतो ते मोजलं, त्यावरून सूर्याचं अंतर किती बदलतं ते काढलं, आणि आकडे जुळले ते ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतात म्हणणाऱ्या केप्लरशी! बोलोन्या तेव्हा पोपच्याच राज्यात, गॅलिलिओला शिक्षा होऊन जेमतेम २२ वर्षं झालेली. हा व्हिडिओ मी परत लावून बघितला.

याच्याच जोडीला दमास्कसच्या उमय्यद मशिदीतला इब्न अल-शातिर. हा चौदाव्या शतकातला मशिदीचा वेळ ठरवणारा माणूस, नमाजाच्या वेळा काढणं हे त्याचं काम, आणि त्यानं चंद्राच्या गतीची जी रचना मांडली ती भूमितीच्या दृष्टीनं पुढे कोपर्निकसकडे, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडणाऱ्याकडे, दिसते तीच. ही गोष्ट कोर्समध्ये दोन वाक्यांत गुंडाळलीय, का ते कळत नाही.

आता मुद्द्याचं. कोर्स पाहताना एक गोष्ट सतत समोर येत होती, शिकवणारे मात्र ती कुठेच नीट पकडत नाहीत. हिशोब करा, कुणाची हरकत नाही, पण हिशोबात आहे तेच आकाशात खरं आहे असं म्हणालात की खटका उडतो. कोपर्निकसच्या १५४३ च्या पुस्तकाला छपाईवर देखरेख करणाऱ्या ओसिआंडर या धर्मपंडितानं निनावी प्रस्तावना चिकटवली, की हे नुसतं गणितापुरतं आहे, खरं मानू नका. १६१६ मध्ये चर्चनं ते पुस्तक 'दुरुस्त होईपर्यंत' थांबवलं आणि १६२० मध्ये दुरुस्त्या आल्या त्या काय, तर पृथ्वी फिरते असं जिथे ठामपणे म्हटलंय तिथे ते गृहीतक वाटेल असं करा. बस, एवढंच! गणिताच्या कोष्टकांना धक्का नाही.

आणि आपल्याकडचं उदाहरण तर यात चपखल बसलं असतं, पण भारतावर कोर्समध्ये यज्ञवेदी आणि शुल्बसूत्रं (वेदी आखायच्या भूमितीचे जुने ग्रंथ) एवढ्यावरच भागवलंय. आर्यभटानं ४९९ मध्ये ग्रहण म्हणजे सावली हे सांगितलं. ब्रह्मगुप्त ६२८ मध्ये लिहितो की राहूला नाकारणं म्हणजे वेद आणि स्मृतींच्या विरुद्ध जाणं, आणि मग स्वतः ग्रहणाचं गणित करतो ते सावली धरूनच. अकराव्या शतकात भारतावर लिहिणाऱ्या अल-बिरुनीनं त्याला यावरून चांगलंच झापलंय, वर असंही म्हटलंय की सॉक्रेटिसवर (मतांपायी विष प्यावं लागलं त्याच्यावर) आली तशी वेळ आपल्यावर नको म्हणून लिहिलं असेल बिचाऱ्यानं. ओसिआंडरच्या प्रस्तावनेशेजारी हे ठेवायला हवं होतं राव.

गॅलिलिओवर माझी खरी तक्रार आहे. त्याच्याकडे पुरावा कच्चा होता हे सांगतात, बरोबरच आहे, भरती-ओहोटीवरून त्यानं पृथ्वी फिरते हे सिद्ध करायला घेतलं ते चुकलं, आणि ताऱ्यांचं लंबन (पृथ्वी फिरते म्हणून तारा किंचित सरकल्यासारखा दिसतो ते) बेसेलनं मोजलं ते थेट १८३८ मध्ये. पोपचा आवडता मुद्दा स्वतःच्या पुस्तकातल्या सिंप्लिचिओ या भोळसट पात्राच्या तोंडी घातला तेही अंगाशी आलं. सगळं मान्य. पण मग 'कोठडीत नव्हता, स्वतःच्या घरात होता' हे ज्या सुरात सांगतात ते ऐकून डोकं फिरतं. अहो, १६३३ पासून १६४२ मध्ये मरेपर्यंत माणूस नजरकैदेत, त्यात आंधळा झाला, शेवटचं मोठं पुस्तक हॉलंडमध्ये लायडनला छापून घ्यावं लागलं. शिक्षा देणारा पुराव्याची खातरजमा करत नव्हता, शपथ घेऊन माघार घ्यायला लावत होता. युद्धाची गोष्ट खोटी म्हणून समेटाची खरी, असं नसतं ना.

डार्विननंतर तर सगळं धावत-पळत. शाळेत उत्क्रांती शिकवली म्हणून अमेरिकेत झालेला १९२५ चा स्कोप्स खटला, १०० डॉलर दंड, चला पुढे. बेल्जियमचा शास्त्रज्ञ लमेत्र मात्र छान रंगवलाय, स्वतः पाद्री, विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडलं, आणि १९५१ मध्ये पोपनं त्यात सृष्टीच्या निर्मितीचा पुरावा बघितला तेव्हा नाराज झाला तो हाच.

बाकी सबटायटल्स मशीननं केलेली दिसतात, केप्लरचं नाव दर वेळी वेगळं येतं. क्विझमध्ये फक्त सनावळ्या विचारतात. सपोर्टला मेल केला तर 'तुमचा अभिप्राय मोलाचा आहे' एवढंच उत्तर. पाचपैकी साडेतीन. डिस्काउंट असेल तर घ्या, कॅलेंडरचा भाग आधी बघा आणि गॅलिलिओच्या भागाला सोबत दुसरं काहीतरी वाचायला ठेवा.