पांझराकाठ : दुकानं-फ्लॅट की चालायचा रस्ता?

धुळ्यात पांझरा नदीच्या काठी काय व्हावं यावर घरी रोज चर्चा होते म्हणून लिहितोय. एक पर्याय म्हणजे खाली दुकानं, वर घरं अशी मिश्र वस्ती, दुसरा म्हणजे काठाने चालायची साधी सावलीची वाट.

मिश्र वस्तीचा फायदा मला खरंच पटतो, रात्री आठनंतरही माणसं दिसतात, उजेड असतो, बायकांना एकटं फिरायला भीती वाटत नाही, आणि किराणा, दवाखाना पायी गाठता येतो. पण पांझरा म्हणजे साबरमती नाही. अहमदाबादला नर्मदेच्या कालव्याचं पाणी आणून नदी भरलेली ठेवतात, आपल्याकडे उन्हाळ्यात पात्र कोरडं आणि पावसाळ्यात अक्कलपाडा धरणातून पाणी सोडलं की एका रात्रीत पूर, मग पूररेषेत फ्लॅट कुणाच्या जिवावर बांधायचे?

वाटेला पूर आला तर गाळ काढायचा, बस. मात्र सिमेंट नको, मातीची किंवा मुरमाची हवी, 42-43 डिग्रीत सिमेंटवर संध्याकाळी पण पाय भाजतात. कडुनिंब लावा, बाक ठेवा.

माझं मत, आधी वाट करा आणि वस्ती पूररेषेबाहेर, वाटेला जोडून.