जुनाट अंगावर पित्त: हरिद्राखंड की अँटिहिस्टामाइन?

6 आठवड्यांहून जास्त काळ गांधी उठत राहिल्या की दुखणं जुनाट समजतात. आयुर्वेद त्याला शीतपित्त म्हणतो. थंड वाऱ्यासारख्या कारणांनी कफ-वात बिघडून पित्ताशी मिळतात, अशी त्याची मांडणी. उपचार हळदप्रधान हरिद्राखंडाचा, सोबत पथ्य. बळावलेल्या दुखण्यात वमन-विरेचन, म्हणजे औषधाने उलटी आणि जुलाब करवणं. पण हरिद्राखंडात साखर भरपूर असते, मधुमेह असेल तर वैद्यांना आधी सांगाच.

सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन या अँटिहिस्टामाइन गोळ्या हिस्टामाइनला, म्हणजे खाज आणि गांधी उठवणाऱ्या शरीरातल्याच रसायनाला, अडवतात. खाज तासा-दोन तासांत उतरते. त्या आजार मुळातून काढत नाहीत हे खरं, पण रात्रीची झोप परत मिळणं ही लहान गोष्ट नव्हे! नेहमीच्या मात्रेने भागलं नाही, तर डॉक्टर ती चौपटीपर्यंत वाढवू शकतात.

पुराव्याचं पारडं स्पष्टपणे गोळ्यांकडे झुकतं. हरिद्राखंडाच्या मोठ्या, काटेकोर चाचण्या नाहीत. शिवाय हा आजार अनेकांत काही वर्षांनी आपणहून शमतो, तेव्हा श्रेय शेवटच्या औषधाला जातं. म्हणून मी गोळी आधी घेईन, आयुर्वेद तिच्या जोडीला, डॉक्टर आणि वैद्य दोघांनाही कळवून.

जीभ, घसा सुजला किंवा श्वास अडकला, तर मात्र दोन्ही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा.